एबी फॉर्मवर सही कुणाची?

‘हे त्यांचं वैयक्तिक मत आहे. पक्षाची ती भूमिका नाही.’

सगळ्या पक्षांच्या प्रवक्त्यांना तोंडपाठ असलेली ही दोन वाक्यं. घटनेची उद्देशिका म्हणायला सांगा, निम्मे अडखळतील. ही दोन वाक्यं मात्र झोपेतून उठवलं तरी घडाघडा येतात. उमेदवार सभेत काहीतरी बरळतो, समोरचा एखादा पोरगा मोबाइलवर ते टिपतो, संध्याकाळपर्यंत ती क्लिप गावोगावच्या ग्रुपवर पोचते आणि रात्रीच्या चर्चेत प्रवक्ता ही दोन वाक्यं घेऊन हजर होतो. तेवढ्यानं भागलं नाही तर ‘वक्तव्याचा विपर्यास केला’. तेही चाललं नाही तर ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी’. असतील तर! त्या दोन शब्दांवर माझा वेगळा राग आहे, पण तो पुन्हा केव्हातरी.

निकाल विरोधात गेला की पुढचा अंक चिंतन बैठकीत रंगतो. आमचं काम चांगलं होतं, योजना चांगल्या होत्या, जाहीरनामा तर अप्रतिमच होता. पण त्या एका माणसाच्या जिभेनं सगळ्यावर पाणी फिरवलं. आमचा संदेश झाकोळला हो! हे रडगाणं मी इतक्या पक्षांकडून ऐकलंय की आता चाल ऐकूनच गाणं ओळखतो. आणि हे गाणं खोटं आहे.

उमेदवार आभाळातून पडत नाही. त्याला एबी फॉर्म लागतो. ज्यांनी हा कागद पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ‘ए’ फॉर्ममध्ये पक्ष निवडणूक अधिकाऱ्याला कळवतो की आमच्या वतीनं उमेदवार ठरवण्याचा अधिकार अमुक माणसाला दिला आहे. ‘बी’ फॉर्ममध्ये तो अमुक माणूस कळवतो की या मतदारसंघात आमचा अधिकृत उमेदवार हा. खाली शाईची सही. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत हा कागद पोचला नाही तर चिन्ह गेलं. या कागदासाठी बंगल्यांबाहेर रात्र-रात्र गाड्या उभ्या असतात, रडारड होते, राजीनामे पडतात. २९ ऑक्टोबर २०२४ला, विधानसभेचे अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, शिंदेंच्या शिवसेनेनं देवळाली आणि दिंडोरीसाठी एबी फॉर्म चक्क हेलिकॉप्टरनं नाशिकला धाडले. जाहीरनाम्याची प्रत कुणी हेलिकॉप्टरनं पाठवल्याचं ऐकलंय?

जाहीरनाम्याचं निघालंच आहे म्हणून तारखा बघा. त्याच निवडणुकीत अर्ज भरण्याची मुदत संपली २९ ऑक्टोबरला. भाजपचं संकल्पपत्र आणि महाविकास आघाडीचा जाहीरनामा, दोन्ही आले १० नोव्हेंबरला. मतदान २० नोव्हेंबरला. त्याच वर्षीच्या लोकसभेला भाजपची पहिली यादी २ मार्चला, संकल्पपत्र १४ एप्रिलला आणि मतदानाचा पहिला टप्पा १९ एप्रिलला. म्हणजे माणूस आधी ठरतो, विचार मागाहून छापून येतात. मतदारानं पक्षाला वाचायचं तरी कशात? जो कागद सहीनिशी सरकारदरबारी जमा होतो त्यात, की जो प्रकाशन समारंभानंतर कार्यालयाच्या माळ्यावर जातो त्यात? उमेदवारी हाच पक्षाचा खरा जाहीरनामा. तो सावली कसली टाकतो? तोच तर संदेश आहे.

आता २०२४च्या लोकसभेकडे या, कारण त्या जखमेवर महाराष्ट्रात अजून फुंकर घातली जाते. भाजपची घोषणा होती ‘४०० पार’. घोषणा म्हणून उत्तमच, छोटी आणि खणखणीत. पण ४०० कशाला, हे त्या घोषणेत नव्हतं. ते सांगितलं अनंतकुमार हेगडेंनी. उत्तर कन्नडचे खासदार. मार्चमध्ये त्यांनी जाहीरपणे सांगून टाकलं की घटना बदलायची तर एवढ्या जागा हव्यात. पक्ष म्हणाला, वैयक्तिक मत. पुढं त्यांचं तिकीट कापलं आणि प्रकरण मिटलं असं दिल्लीला वाटलं. पण त्यानंतर अयोध्या ज्या मतदारसंघात येते त्या फैजाबादचे उमेदवार लल्लू सिंह तेच बोलले: सरकार २७२वर बनतं, पण घटनेला हात घालायचा तर दोन तृतीयांश हवं. नागौरच्या उमेदवार ज्योती मिर्धा यांनीही तीच री ओढली. त्याच सुमारास, १२ एप्रिलला, बाडमेरच्या सभेत खुद्द पंतप्रधानांना सांगावं लागलं की आता बाबासाहेब स्वतः आले तरी घटना संपवू शकणार नाहीत. ‘मोदी की गॅरंटी’ सांगायला निघालेला माणूस ‘आम्ही घटना बदलणार नाही’ याची गॅरंटी देत फिरू लागला.

निकाल ठाऊक आहेच. ज्या अयोध्येत २२ जानेवारीला प्राणप्रतिष्ठेचा एवढा सोहळा झाला, तिथं लल्लू सिंह समाजवादी पक्षाच्या अवधेश प्रसाद या दलित उमेदवाराकडून ५४,५६७ मतांनी पडले, आणि जागा राखीवही नव्हती. नागौरही गेलं. महाराष्ट्रात भाजप २३वरून ९वर आला आणि ४८पैकी महायुतीच्या हाती १७ लागल्या. कांदा होता, मराठा आरक्षण होतं, फोडाफोडीचा राग होता, हे सगळं मान्य. पण विदर्भातल्या वस्त्यावस्त्यांवर घटनेची चर्चा होती, हे तिथं गेलेल्या कुणालाही विचारा. आणि त्यावर निदान काय निघालं? ‘फेक नॅरेटिव्ह’. विरोधकांनी खोटं पसरवलं म्हणे.

फेक काय होतं त्यात? क्लिप खरी होती, माणूस खरा होता, गळ्यातला गमछा खरा होता आणि त्याच्या एबी फॉर्मवरची सही तर तुमचीच होती. विरोधकांनी त्या वाक्याला फोडणी दिली, चवीला चार गोष्टी जास्त घातल्या, हे मी नाकारत नाही. राजकारण आहे, ते आरती थोडीच ओवाळणार? पण डाळ तुमच्याच घरातली होती.

हेगडेंची तर आणखी मजा आहे. घटना बदलायला आम्ही आलोय, हे ते पहिल्यांदा बोलले २०१७च्या डिसेंबरात. तेव्हा केंद्रात राज्यमंत्री होते. लोकसभेत माफी मागावी लागली. म्हणजे पक्षाला कळायचं ते तेव्हाच कळलं होतं. मग २०१९ला काय केलं? पुन्हा तिकीट दिलं आणि ते जवळपास पावणेपाच लाखांच्या फरकानं निवडून आले. २०१७ला जे बोलणं अडचणीचं, ते २०१९ला चालण्यासारखं आणि २०२४ला पुन्हा वैयक्तिक. मत वैयक्तिक असलं तरी मतं पक्षाचीच होती ना?

भोपाळची गोष्ट याहून उघडी आहे, आणि तिची नाळ थेट मालेगावला जाते. २९ सप्टेंबर २००८ला मालेगावात स्फोट झाला, सहा माणसं गेली. तपास महाराष्ट्र एटीएसकडे, प्रमुख हेमंत करकरे. दोन महिन्यांत, २६/११च्या रात्री, करकरे मुंबईत दहशतवाद्यांच्या गोळ्यांनी शहीद झाले. अशोकचक्र मिळालं, मरणोत्तर. त्या खटल्यातल्या एक आरोपी प्रज्ञासिंह ठाकूर जामिनावर असताना १७ एप्रिल २०१९ला भाजपमध्ये आल्या आणि त्याच दिवशी भोपाळच्या उमेदवार झाल्या. पुढच्याच दिवशी त्यांनी सांगितलं की करकरेंना मी शाप दिला होता, म्हणून ते मेले.

पक्षात येऊन पुरता एक दिवस! आणि पक्षाचा खुलासा? करकरे शहीदच आहेत, साध्वींचं ते वैयक्तिक मत, कदाचित त्यांनी सोसलेल्या छळामुळे आलेलं. महाराष्ट्रात चार टप्प्यांचं मतदान चालू, करकरेंच्या गावच्या आणि पेशाच्या लोकांकडे मतं मागायची, आणि भोपाळात हे. मग बाबरीबद्दल बोलल्या, निवडणूक आयोगानं ७२ तास प्रचारबंदी घातली. मग १६ मेला नथुराम गोडसेला देशभक्त म्हणाल्या. मतदानाचा शेवटचा टप्पा तीन दिवसांवर होता. पंतप्रधान म्हणाले, मनातून त्यांना कधी माफ करू शकणार नाही. पक्षाध्यक्ष अमित शहांनी गोडसेवरून बोललेल्या ठाकूर, हेगडे आणि कर्नाटकचे नलिनकुमार कटील अशा तिघांची प्रकरणं शिस्तपालन समितीकडे धाडली. दहा दिवसांत अहवाल मागवला.

आणि त्याच दिवशी, त्याच शहांनी, प्रज्ञासिंहांची उमेदवारी म्हणजे भगव्या दहशतवादाच्या खोट्या खटल्याविरुद्धचा सत्याग्रह असल्याचंही सांगितलं. आता मला सांगा, संदेश कुठं झाकोळला? उमेदवारी हाच संदेश होता, हे अध्यक्षांनी तोंडानं सांगितलं. बाई पक्षाचं म्हणणं जरा मोठ्या आवाजात आणि नको त्या तारखेला बोलल्या, एवढाच गुन्हा. भोपाळच्या मतदारांना तो आवाज पसंत पडला. त्या दिग्विजय सिंहांविरुद्ध ३,६४,८२२ मतांनी जिंकल्या. कटील तीन महिन्यांत भाजपचे कर्नाटक प्रदेशाध्यक्ष झाले. प्रज्ञासिंहांना मनातून माफी नव्हती, पण नोव्हेंबरात संरक्षण खात्याच्या संसदीय सल्लागार समितीत जागा होती. लोकसभेत पुन्हा गोडसेंवरून गहजब झाला तेव्हा कुठं ती काढली.

३१ जुलै २०२५ला मुंबईच्या विशेष एनआयए न्यायालयानं त्या खटल्यातल्या सातही आरोपींना निर्दोष सोडलं. त्यामुळे कुणी मला म्हणेल, बघा, तिकीट बरोबर होतं. माझा मुद्दा दोषी-निर्दोषचा नाहीच. २०१९ला तिकीट देणाऱ्याला २०२५चा निकाल ठाऊक नव्हता. करकरेंबद्दलचं वाक्य न्यायालयात सुटत नाही. ज्याला तिकीट दिलं त्याच्या तोंडून काय येईल हे ठाऊक असूनच दिलं आणि आल्यावर दचकल्याचं सोंग केलं, माझा आक्षेप त्या सोंगावर आहे.

हासनबद्दल चेष्टेच्या सुरात लिहिता येत नाही. प्रज्वल रेवण्णा, देवेगौडांचा नातू, जनता दल (धर्मनिरपेक्ष)चा तेव्हाचा खासदार. प्रतिज्ञापत्रातल्या गफलतींवरून त्याची २०१९ची निवडच कर्नाटक उच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२३ला रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीवर तो खासदार होता. त्याच महिन्यात भाजप आणि जनता दलाची युती झाली. बायकांवरच्या अत्याचाराच्या चित्रफिती असल्याची कल्पना आपण डिसेंबर २०२३मध्येच प्रदेशाध्यक्षांना पत्रानं दिली होती, असं हासनमधल्याच एका भाजप नेत्यानं नंतर जाहीर केलं. तरी तिकीट मिळालं. १४ एप्रिलला म्हैसूरच्या सभेत तो पंतप्रधानांच्या मंचावर होता. २१ एप्रिलला राजस्थानात बांसवाड्याला पंतप्रधानांनी आयाबहिणींचं मंगळसूत्र धोक्यात असल्याचं सांगितलं. २६ एप्रिलला हासनचं मतदान झालं आणि हा गृहस्थ जर्मनीला निघून गेला. पक्षानं निलंबित केलं ३० एप्रिलला.

मतपेट्या सीलबंद झाल्यावर चार दिवसांनी पक्षाची सदसद्विवेकबुद्धी जागी झाली! मतदानाआधीच त्या चित्रफितींचे पेन ड्राइव्ह हासनच्या गल्लीबोळांतून फिरत होते. प्रज्वल ४२,६४९ मतांनी पडला, ३१ मेला परतल्यावर अटक झाली आणि ऑगस्ट २०२५मध्ये बलात्काराच्या एका खटल्यात त्याला जन्मठेप झाली. या प्रकरणानं मित्रपक्षाचा ‘नारीशक्ती’चा संदेश झाकोळला, असं विश्लेषण तेव्हा कितीतरी जणांनी केलं. मला ते विश्लेषण किळसवाणं वाटलं. बायकांच्या आयुष्याची राख झाली आणि आपण हिशेब कशाचा मांडतोय, तर घोषणेच्या नुकसानीचा.

भाजपवाल्यांनो, एवढ्यात पेपर भिरकावू नका, दुसरीकडेही आलोच. विधानसभेच्या प्रचारात महाविकास आघाडीकडे बदलापूरचं अत्याचार प्रकरण होतं, महिलांची सुरक्षितता होती, महिन्याला ३००० रुपयांचं आश्वासन होतं. अशा वेळी ठाकरेंच्या शिवसेनेचे खासदार अरविंद सावंत मुंबादेवीच्या उमेदवार शायना एन. सी. यांना ‘इम्पोर्टेड माल’ म्हणाले. मग सारवासारव, मग हिंदीत आपण वस्तूंनाही माल म्हणतो हे व्याकरण, मग दिलगिरी. पदराआड मतं मागायची आणि पदराची अशी किंमत करायची. काँग्रेसच्या परदेशातल्या शाखेचे प्रमुख सॅम पित्रोदा उमेदवार नव्हते, पण जात तीच. एप्रिल २०२४मध्ये वारसा करावर बोलून त्यांनी ऐन प्रचारात पक्षाला घाम फोडला. पक्ष म्हणाला, वैयक्तिक. मे महिन्यात भारतीयांच्या रंगरूपावर बोलले, ८ मेला राजीनामा दिला. २६ जूनला, निकाल लागून तीन आठवडे झाल्यावर, त्याच पदावर पुन्हा नेमणूक! वैयक्तिक मताची शिक्षा मतमोजणीपुरतीच होती तर.

आणि जिंकलं की काय होतं? ५ नोव्हेंबर २०२४ला कोल्हापुरात महायुतीनं लाडक्या बहिणींना १५००चे २१०० करण्याचं वचन दिलं. चार दिवसांनी त्याच कोल्हापुरात भाजपचे खासदार धनंजय महाडिक म्हणाले की योजनेचे पैसे घेणाऱ्या बायका काँग्रेसच्या सभेत दिसल्या तर त्यांचे फोटो काढा, बघून घेऊ. गुन्हा दाखल झाला, माफी झाली. बहिणीला ओवाळणी घालून वर तिच्यावर पहारा ठेवायचा, असा हा प्रकार. नियमानं बघितलं तर संदेश पार झाकोळायला हवा होता. कोल्हापूर दक्षिणेतून अमल महाडिक निवडून आले, राज्यात महायुती २३०वर गेली आणि त्या वाक्याची आठवणही कुणाला उरली नाही. हरलं तर ‘एका माणसामुळे’, जिंकलं तर ‘कार्यकर्त्यांच्या मेहनतीमुळे’.

मतदारालाही मी सोडणार नाही. अहमदनगरचे उपमहापौर श्रीपाद छिंदम फेब्रुवारी २०१८मध्ये, शिवजयंती तोंडावर असताना, फोनवर शिवाजी महाराजांबद्दल अत्यंत घाण बोलले. महाराष्ट्र पेटला. भाजपनं हकालपट्टी केली, पोलिसांनी अटक केली. डिसेंबरात महापालिकेची निवडणूक झाली, तर हे अपक्ष म्हणून निवडून आले! पक्षानं एकदा, एकदाच, झटपट आणि बरोबर वागून दाखवलं आणि प्रभागानं त्याच माणसाला हार घातले. महापौर निवडीत त्यांनी शिवसेनेच्या उमेदवारासाठी हात वर केला, म्हणून शिवसेनेच्याच नगरसेवकांनी त्यांना सभागृहात चोपलं. मत नको, माणूस नको, पण निवडून आलेला तर आहे. त्याचं करायचं काय, हे कुणालाच सुचेना. पक्षांना वाटतं ते उगाच नाही की ‘इलेक्टिव्ह मेरिट’पुढं बाकी सगळं झूठ.

हे ‘इलेक्टिव्ह मेरिट’ सर्वोच्च न्यायालयाला मान्य नाही, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. १३ फेब्रुवारी २०२०च्या आदेशात न्यायालयानं सांगितलं की गुन्हे दाखल असलेल्याला उमेदवारी दिली तर पक्षानं कारण जाहीर करायचं: यालाच का, आणि गुन्हा नसलेला दुसरा कुणी का मिळाला नाही. ‘निवडून येईल’ हे एवढंच कारण चालणार नाही. निवड झाल्यापासून ४८ तासांत, एका स्थानिक भाषेतल्या आणि एका राष्ट्रीय वृत्तपत्रात, शिवाय पक्षाच्या वेबसाइटवर आणि समाजमाध्यमांवर. या कागदाचं नाव नमुना सी-७. बिहारच्या निवडणुकीत हे धड पाळलं नाही म्हणून १० ऑगस्ट २०२१ला न्यायालयानं भाजप, काँग्रेससह आठ पक्षांना दंड केला. माकप आणि राष्ट्रवादी यांना पाच-पाच लाख, कारण त्यांनी काहीच केलं नव्हतं. साधनशुचितेचा सगळ्यात मोठा आवाज काढणारा पक्ष त्या यादीत वरच्या रांगेत, हे वाचून मला हसू आलं होतं.

पाळतात तेव्हा काय लिहितात? लोकप्रिय आहेत. समाजकार्य आहे. गुन्हे राजकीय सूडातून आहेत. नावं बदलायची आणि मजकूर तोच. अक्षर इतकं बारीक की भिंग लावावं. आणि सी-७ला जीभ दिसत नाही, दाबून ठेवलेलं प्रकरण दिसत नाही. लल्लू सिंहांच्या वाक्यासाठी कुठलाही नमुना नाही. ते पक्षाला आतूनच ठाऊक असतं, आणि असतंच.

‘एकदा चिन्ह दिलं की आमच्या हातात काही राहत नाही’ ही पळवाटही ऐकवू नका. अर्ज मागं घ्यायची मुदत संपली तरी पक्ष जाहीरपणे हात काढून घेऊ शकतो. बांसवाड्यात २०२४लाच काँग्रेसनं ते केलं. ऐनवेळी भारत आदिवासी पक्षाशी जुळलं, स्वतःच्या उमेदवारानं माघार घेतली नाही, तेव्हा काँग्रेसचे नेते आमच्या पंजाला मत देऊ नका म्हणत फिरले. आणि भारत आदिवासी पक्षाचा उमेदवार निवडून आला. बेरजेसाठी जे जमतं, ते करकरेंसाठी जमलं असतं, हासनच्या बायकांसाठीही जमलं असतं.

तेव्हा पुढच्या निवडणुकीत प्रचारफेरी तुमच्या दारात आली की जाहीरनामा मागू नका, तो कसाही चकचकीतच असणार. आधी सी-७ दाखवा म्हणा. मग विचारा, या माणसाच्या एबी फॉर्मवर सही कुणी केली, त्याचं नाव सांगा. आणि कुणी ‘ते त्यांचं वैयक्तिक मत आहे’ म्हणालाच, तर मतदानाच्या आधी पाठिंबा काढल्याचं पत्र घेऊन या, तोवर दार लावून घेतो, असं सांगा आणि खरंच लावून घ्या.